मोठ्या कंपनीतील अंतर्गत बढती आणि बदली : बेळगाव परिसरातील नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतील आणि मच्छे येथील कारखान्यांत, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात, तसेच पुणे आणि बेंगळुरू येथील मोठ्या कंपन्यांत आपल्या भागातील पुष्कळ मराठी मुले-मुली काम करतात. मी स्वतः एका मोठ्या कंपनीच्या इथल्या युनिटात मनुष्यबळ विभागात चौदा वर्षे काढली. त्या काळात आणि त्यानंतरही खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ओळखीच्या मंडळींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्येक कंपनीचे धोरण वेगळे असते, त्यामुळे आपल्या कंपनीचे लेखी धोरण हाताशी ठेवूनच हे वाचावे.

कंपनीतील आतल्या जागेसाठी अर्ज करायला कोण पात्र असतो?

बहुतेक ठिकाणी सध्याच्या पदावर बारा ते अठरा महिने पूर्ण झालेले असावे लागतात, मागील अप्रेझलमध्ये ठरावीक रेटिंग मिळालेले असावे लागते आणि शिस्तभंगाची कारवाई चालू नसावी लागते. येथे एक चूक फार जण करतात. ते महिने नोकरीला लागल्याच्या तारखेपासून मोजतात. धोरणात मात्र ते शेवटच्या बढतीपासून किंवा बदलीपासून मोजलेले असतात, आणि विभाग तोच राहून केवळ पदनाम बदलले असले तरी काही कंपन्या घड्याळ पुन्हा शून्यावर आणतात. अर्ज भरण्यापूर्वी ही तारीख मनुष्यबळ विभागाकडून ईमेलवर लेखी मागून घ्यावी.

सगळ्या अटी पूर्ण असूनही अर्ज अडतो, तो नेमका कुठे?

आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे : साहेब सोडत नाहीत. मुलाखत उत्तम झाली, नव्या विभागाने होकार दिला, तरी जुना विभाग कार्यमुक्त करत नाही आणि जागा हातची जाते. माझ्या अनुभवात निवड समितीने नाकारलेल्या अर्जांपेक्षा असे गारठून गेलेले अर्ज अधिक होते.

आमच्याकडे बदलीचा दोन पानी फॉर्म होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी तीन चौकटी होत्या : सध्याच्या विभागप्रमुखांची सही, नव्या विभागप्रमुखांची सही आणि कार्यमुक्तीची तारीख. ओतकाम विभागाच्या वाळू प्रयोगशाळेतील एका तंत्रज्ञाचा फॉर्म माझ्या टेबलावर आला, तेव्हा पहिल्या दोन चौकटींत सह्या होत्या आणि तिसरी कोरी होती. हा माणूस साच्याची वाळू मुठीत दाबून, उघडून, तिच्यावर उमटलेले बोटांचे ठसे पाहून ओलावा किती आहे हे सांगत असे आणि यंत्रावरची चाचणी सहसा त्याच्याच बाजूने निकाल देत असे. पुण्याच्या गुणवत्ता विभागाने त्याला निवडले होते. तिसरी चौकट सात महिने कोरीच राहिली आणि तोवर पुण्याने दुसरा माणूस घेतला. साहेबांचा त्याच्यावर राग होता असे कोणी म्हटले, तर मी ते मान्य करणार नाही. त्याच्यावाचून ओतकामातील नापास माल वाढेल आणि त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, एवढीच त्यांची भीती होती, आणि ती खरी होती.

या भीतीला कंपनीची व्यवस्थाच खतपाणी घालते. अनेक ठिकाणी माणूस गेला की त्याची मंजूर जागाही गोठते, बजेटची परवानगी नव्याने घ्यावी लागते आणि ती मिळेपर्यंत उरलेल्यांनी काम ओढायचे असते. विभागप्रमुखाचे मूल्यमापन महिन्याच्या उत्पादनावर होते, त्याने किती माणसे घडवून पुढे पाठवली यावर होत नाही. इनग्रिड हेगेले या अर्थशास्त्रज्ञ संशोधिकेने जर्मनीतील एका मोठ्या उत्पादक कंपनीच्या नोंदींवरून हेच दाखवले आहे. तेथे विभागप्रमुखाची स्वतःची बदली होण्याच्या काळात हाताखालच्या लोकांचे बढतीसाठीचे अर्ज लक्षणीय वाढत होते. म्हणजे माणसे तयार होती, फक्त धरून ठेवणारा हात सैल व्हावा लागला.

मग साहेबांनी सोडावे म्हणून काय करावे?

अर्ज करण्यापूर्वी ‘माझ्या जागी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर आपणच तयार ठेवावे. आपल्या कामाची रोजची, आठवड्याची आणि महिन्याची यादी लिहून काढावी, त्यातील कोणते काम कोणाला येते हे तिच्यात नोंदवावे आणि जे काम एकट्या आपल्यालाच येते ते दुसऱ्या कोणाला तरी शिकवायला घ्यावे. ‘मी शिकवले तर माझी किंमत कमी होईल’ असे पुष्कळांना वाटते. त्याच जागेवर निवृत्त व्हायचे असेल, तर हा हिशेब बरोबर आहे. वर किंवा बाहेर जायचे असेल, तर तो उलटा बसतो. वाळू प्रयोगशाळेतील त्या तंत्रज्ञाने पुढील वर्षभरात आयटीआय झालेल्या दोन मुलांना हाताखाली घेतले, त्यांच्या चाचण्यांची वही साहेबांच्या टेबलावर दर शनिवारी ठेवली आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी तिसरी चौकट अकराव्या दिवशी भरली गेली.

दुसरी गोष्ट अशी की धोरणात कार्यमुक्तीची कमाल मुदत बहुधा लिहिलेली असते, ती साधारण तीस ते साठ दिवसांची असते आणि ती कोणी वाचत नाही. निवड झाल्याचे पत्र आल्याबरोबर त्या कलमाचा उल्लेख करून, हस्तांतराच्या वेळापत्रकासह, दोन्ही विभागप्रमुखांना आणि मनुष्यबळ विभागाला एकच ईमेल पाठवावा. तोंडी आश्वासनावर थांबू नये. दिवाळीनंतर बघू, ऑडिट झाल्यावर बघू, मार्च एंडनंतर बघू, असे करत वर्ष निघून जाते.

साहेबांना न सांगता अर्ज केला तर चालतो का?

काही कंपन्या मुलाखतीच्या टप्प्यापर्यंत गुप्तता पाळतात, काहींच्या प्रणालीत अर्ज भरताक्षणी साहेबांना सूचना जाते. आपली प्रणाली कोणत्या प्रकारची आहे हे आधी शोधावे. सूचना जाणारच असेल, तर ती संगणकाकडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळलेली बरी.

जाहिरात निघण्यापूर्वीच माणूस ठरलेला असतो, हे खरे आहे का?

पुष्कळदा खरे आहे, आणि त्यात नेहमी लबाडीच असते असेही नाही. मोठ्या कंपन्यांत आतल्या जागा दोन रीतींनी भरल्या जातात. एका रीतीत जागा सर्वांना कळवून अर्ज मागवतात, दुसरीत प्रमुख आपल्या माहितीतील माणसाला थेट बसवतो. कॉर्नेल विद्यापीठाचे जे. आर. केलर यांनी या दोन रीतींची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात उघड जाहिरातीने निवडलेल्या लोकांचे काम थेट बसवलेल्यांपेक्षा सरस आढळले. तरीही थेट बसवणे चालूच राहते, कारण ते सोपे असते आणि प्रमुखाला आपल्या ओळखीवर विश्वास असतो.

बेळगावच्या माणसाची अडचण येथे दुप्पट होते. निर्णय घेणारा पुण्यात किंवा बेंगळुरूत बसतो, आणि त्याच्या माहितीतील माणसे म्हणजे त्याच्या मजल्यावरची, चहाच्या वेळी दिसणारी माणसे. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर आणि बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर. पुणे–हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगावला थांबते आणि बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली, त्यामुळे प्रवास सुसह्य झाला आहे, पण चहाच्या वेळेचे अंतर गाडीने मिटत नाही. त्यासाठी हेड ऑफिसच्या एखाद्या प्रकल्पात, ऑडिट पथकात किंवा नव्या संगणक प्रणालीच्या चाचणी गटात आपले नाव घालून घ्यावे. युनिटातून कोणी जायला तयार नसते, म्हणून ही कामे मागितली की मिळतात.

बाहेरून आलेल्या माणसाला तीच जागा जास्त पगारावर कशी मिळते?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज चढतो, आणि माझाही चढत असे. विभागीय पातळीवरच्या एका जागेसाठी मी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा ‘बेळगावचे युनिट तुमच्याशिवाय चालणार नाही’ असे फोनवर ऐकले, आणि दोन्ही वेळा बाहेरचा माणूस आला. पहिल्याला तर रजेचे नियम मीच समजावून दिले.

अमेरिकेतील वॉर्टन या व्यवस्थापनशाळेचे मॅथ्यू बिडवेल यांनी एका अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासून २०११ मध्ये दाखवले की बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक पगार मिळत होता, आणि पहिली दोन वर्षे त्यांचे कामाचे मूल्यांकन मात्र कमी येत होते. कारण समजण्यासारखे आहे. बाहेरच्या माणसाचे शिक्षण आणि अनुभव कागदावर ठळक दिसतात, आतल्या माणसाचे कसब मात्र वाळू मुठीत धरण्यासारखे असते आणि ते बायोडेटात उतरत नाही. शिवाय बहुतेक कंपन्यांत अंतर्गत बढतीच्या पगारवाढीला टक्केवारीची मर्यादा असते, ती बाहेरच्या भरतीला नसते. म्हणून बढतीच्या वेळी टक्केवारीवर वाद घालण्यापेक्षा ‘या ग्रेडच्या पगाराची खालची आणि वरची सीमा काय, आणि मी तिच्यात कुठे बसतो?’ असे विचारावे. आपण खालच्या सीमेच्याही खाली असू, तर ती विसंगती मनुष्यबळ विभागालाही कागदावर ठेवायला आवडत नाही.

आमच्या सहा जणांच्या गटात कोणालाही वरचे रेटिंग का मिळत नाही?

ठरावीक टक्केच लोक वरच्या श्रेणीत बसवायचे, ही पद्धत मोठ्या संख्येसाठी कल्पिलेली आहे. सहा जणांच्या दहा टक्के म्हणजे एक पूर्ण माणूसही होत नाही, म्हणून लहान गट दुसऱ्या गटांशी जोडले जातात आणि मग हेड ऑफिसच्या बैठकीत ज्याचा साहेब अधिक बोलतो त्याचा माणूस वर जातो. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची उतरंड २०१३ मध्ये मोडीत काढली, तरी आपल्याकडील बऱ्याच कंपन्यांत ती दुसऱ्या नावाने नांदते. त्या बैठकीत आपल्या साहेबांना आपल्याविषयी फार तर दोन वाक्ये बोलता येतात. ती वाक्ये आपणच पंधरा दिवस आधी आकड्यांसह लिहून द्यावीत. ‘मेहनती आहे, वेळेवर येतो’ या शिफारशीने कोणाचीही बढती झालेली मी पाहिली नाही.

ऑपरेटरवरून ऑफिसर झाल्यावर हातात येणारा पगार कमी होतो, तो कसा?

या प्रश्नाकडे हेड ऑफिसमधील लोकांचे लक्ष जात नाही, पण कारखान्यातील बढती नाकारण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे. कामगाराला जादा तासांसाठी दुप्पट दराने वेतन मिळते. हा नियम १९४८ च्या कारखाने अधिनियमात होता आणि जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही कायम आहे. समजा, एखाद्याचे मासिक वेतन २४,००० रुपये आहे. २६ दिवस आणि ८ तास धरले, तर तासाचा दर सुमारे ११५ रुपये होतो आणि ओव्हरटाइमचा सुमारे २३१ रुपये. महिन्याला ४० तास जादा काम केले, तर सव्वानऊ हजारांच्या आसपास भर पडते आणि एकूण ३३,००० च्या वर जाते. तोच माणूस २८,००० रुपयांवर ऑफिसर झाला की कागदावर चार हजारांची बढती दिसते, आणि घरी मात्र पाच हजारांची घट येते. ‘बढती झाली, पेढे कुठे?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगताही येत नाही.

दुसरा फटका, याहून कमी वेतनावर असलेल्यांना, कर्मचारी राज्य विमा योजनेचा, म्हणजे ईएसआयचा. तिची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. वर्गणीचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड चालू असताना वेतन मर्यादेपलीकडे गेले, तर त्या कालखंडाच्या शेवटपर्यंत वर्गणी चालू राहते. वाढ एप्रिलच्या पहिल्याच तारखेपासून लागू झाली, तर ती लगेच थांबते. उपचारांचा हक्क त्या वर्गणीशी जोडलेला लाभकाळ संपेपर्यंत मिळतो, पण त्यानंतर आई-वडिलांच्या औषधपाण्याचे काय, याचा विचार आधी करावा लागतो. कंपनीच्या गटविम्यात आई-वडील धरले जातात की फक्त पती-पत्नी आणि मुले, हे बढतीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी विचारावे.

तिसरा बदल कायद्याच्या संरक्षणाचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्याचे वेतन महिना १८,००० रुपयांपेक्षा अधिक असेल, तर तो ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही. न्यायालये नुसते पदनाम न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात, हे खरे आहे. पण तेथवर जाण्याची वेळ येऊ नये, म्हणून नव्या पदाच्या कामाचे लेखी वर्णन मागून घ्यावे.

या सर्व गोष्टी सांगितल्या म्हणून बढती नाकारावी, असे मी सुचवत नाही. पहिली दीड-दोन वर्षे तोट्याची जातील, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर सहा महिन्यांत ‘मला पुन्हा लाइनवर टाका’ अशी विनंती घेऊन यावे लागते.

कन्नड येत नसेल तर बढती अडते का?

आपल्या भागातील बऱ्याच मराठी माणसांना कन्नड बोललेले समजते, थोडेबहुत बोलताही येते, पण वाचता-लिहिता येत नाही. ऑपरेटर म्हणून त्यावाचून काही अडत नाही. पर्यवेक्षक झाल्यावर मात्र कामगारांच्या तक्रारी, सुरक्षेच्या सूचना आणि सरकारी कार्यालयांचे कागद हाताळावे लागतात, आणि तेथे अडते. सीमाप्रश्न आपल्या मनात काय आहे तो असो, कन्नड लिपी शिकण्याने त्यातील काहीही सोडावे लागत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

जुलै २०२४ मधील विधेयकाविषयीही वारंवार विचारणा होते. कर्नाटक मंत्रिमंडळाने खासगी उद्योगांत व्यवस्थापनाच्या जागांपैकी ५० टक्के आणि इतर जागांपैकी ७० टक्के स्थानिकांसाठी ठेवणारे विधेयक मंजूर केले होते आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच ते थांबवून ठेवले. त्यातील स्थानिक या शब्दाच्या व्याख्येत कर्नाटकात जन्म, पंधरा वर्षांचे वास्तव्य आणि कन्नड बोलता, वाचता व लिहिता येणे या अटी होत्या. बेळगावच्या मराठी माणसाला पहिल्या दोन अटींची चिंता नाही, तिसरीची आहे.

पुणे किंवा बेंगळुरूच्या मुलाखतीत मात्र अडसर बहुधा इंग्रजीचा असतो. मराठी माध्यमातून आलेले मूल ‘आम्ही केले’ असे बोलते. समितीला त्याने स्वतः काय केले हे ऐकायचे असते. तेवढा एक बदल केला तरी मुलाखत सुधारते.

कंपनीने केलेली बदली नाकारता येते का? आणि सूड म्हणून बदली केली असेल तर?

नेमणूकपत्रात ‘कंपनीच्या कोणत्याही युनिटात बदली होऊ शकते’ असे कलम असेल, आणि ते बहुधा असतेच, तर केवळ गैरसोयीच्या कारणावरून नकार देणे टिकत नाही. व्यवस्थापकीय धोरणाच्या आडून कामगाराची दुष्ट हेतूने बदली करणे मात्र अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहे. संघटनेच्या कामावरून बढती नाकारणे किंवा ज्येष्ठताक्रम बदलणे हेही त्याच यादीत आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही यादी नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आली आहे. तिचा आधार कामगारांना मिळतो, अधिकाऱ्यांना नाही. हेतू सिद्ध करणे कठीण असते, म्हणून तारखा जपाव्यात. तक्रार कोणत्या दिवशी केली आणि बदलीचा आदेश कोणत्या दिवशी आला, यातील अंतरच पुष्कळदा सर्वांत बोलका पुरावा ठरते.

बाळंतपणाच्या रजेमुळे बढती हुकली, तर काय करावे?

१९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली. रजेच्या काळात सेवाशर्ती प्रतिकूल रीतीने बदलण्यास कायद्याने मनाई होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. प्रत्यक्षात ‘सहा महिनेच काम केले’ म्हणून मधले रेटिंग दिले जाते आणि त्या रेटिंगमुळे पुढील वर्षीची पात्रता जाते. रजेवर जाण्यापूर्वी झालेल्या कामाचे मूल्यमापन लेखी करून घ्यावे आणि रेटिंग तेवढ्याच काळावर आधारलेले असावे, असा आग्रह धरावा. बदलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते : बाई बाहेरगावी जाणार नाहीत, असे तिला न विचारताच गृहीत धरले जाते. जाण्याची तयारी असेल तर ती प्रणालीतील स्थलांतराच्या रकान्यात नोंदवावी. विचारतील तेव्हा सांगू म्हटले, तर कोणी विचारत नाही.

समूहातील दुसऱ्या कंपनीत गेलो तर ती बदलीच समजायची का?

नाव सारखे असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी कंपनी असू शकते. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे सदस्याचा कायम क्रमांक, तोच राहतो, खाते मात्र वर्ग करून घ्यावे लागते. खरी जोखीम ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची आहे. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते, आणि चार वर्षांनी राजीनामा देऊन नव्या कंपनीत रुजू झालात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. ‘आधीची सेवा सलग धरली जाईल’ हे वाक्य नव्या नेमणूकपत्रात असल्याशिवाय राजीनामा देऊ नये. ठेकेदाराच्या पटावर असलेल्यांना मात्र अंतर्गत जागांसाठी सहसा अर्जच करता येत नाही, मग त्यांनी त्याच यंत्रावर दहा वर्षे काढलेली असोत.

नकार मिळाला. पुन्हा अर्ज कधी करावा?

काही कंपन्यांत त्याच प्रकारच्या जागेसाठी सहा महिन्यांची बंदी असते, ती आधी तपासावी. नकारानंतर आठवड्याभरात निवड समितीतील एका व्यक्तीला पंधरा मिनिटे मागावीत आणि ‘मी कुठे कमी पडलो?’ असे न विचारता ‘निवडलेल्या माणसाकडे असे कोणते काम होते, जे माझ्याकडे नव्हते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सगळे गोड बोलतात. दुसऱ्याला एखाद्या यंत्राचे, एखाद्या प्रणालीचे किंवा एखाद्या ग्राहकाचे नाव मिळते. ते नाव त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे आणि पुढील अप्रेझलच्या उद्दिष्टांत ते काम आपल्या साहेबांकडून घालून घ्यावे.